आंब्याच्या पेटीचा मेल: ग्राहक उघडतील आणि शेवटपर्यंत वाचतील असं कसं लिहायचं

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. बाग दादा आणि वहिनी बघतात. मी पुण्यात राहून ग्राहकांची यादी, ऑर्डरी आणि मेल सांभाळते. बाबांच्या काळात हे काम पोस्टकार्डांवर चालायचं. मार्चअखेर ते ओटीवर बसून ओळखीच्या घरांना कार्डं लिहायचे: 'सप्रेम नमस्कार. यंदा मोहोर उशिरा. पहिली पेटी १५ एप्रिलच्या सुमारास निघेल. आपणांस किती ठेवू ते कळवावे.' खाली सही आणि गावाचं नाव. आठ-दहा दिवसांत उत्तरं यायला लागायची.

हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मी सगळ्यात आधी ही पद्धत सोडली. केशरी रंगाचं एक मोठं पोस्टर करून घेतलं, त्यावर 'अस्सल', 'नैसर्गिक', 'थेट बागेतून' असे शब्द टाकले आणि सगळ्या यादीला मेल धाडला. जवळजवळ कुणाचंच उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी बाबांच्या कार्डाचाच मजकूर थोडा वाढवून पाठवला, तर लोकांनी ऑर्डरी दिल्या, वर दादाची चौकशीही केली. ओळखीच्या माणसाकडून आलेलं, एकच बातमी सांगणारं आणि एकच प्रश्न विचारणारं पत्र माणूस उघडतो. पुढे जे लिहिलंय ते हे पत्र ई-मेलमध्ये कसं उतरवायचं, एवढ्यापुरतंच आहे. उदाहरणं आंब्याची असली तरी तुम्ही दिवाळीचा फराळ, हातमागाच्या साड्या किंवा शिकवणी विकत असाल तरी पद्धत हीच.

व्हॉट्सॲप असताना मेल कशाला, असं मला नेहमी विचारतात. व्हॉट्सॲप आम्हीही वापरतो, पेटी निघाल्याचा निरोप त्यावरच जातो. पण तिथला निरोप दोन तासांत सुप्रभातच्या चित्रांखाली गाडला जातो. मेल मात्र आठवड्यानेही शोधता येतो, कार्यालयात बसून वाचता येतो, आणि अमेरिकेतला मुलगा तोच मेल पुण्यातल्या आईला पुढे पाठवून 'यातली एक पेटी तुमच्यासाठी सांगतोय' असं लिहू शकतो. आमच्याकडे अशा बऱ्याच ऑर्डरी येतात.

पहिली पायरी: विचारून केलेली यादी

जाहिरातीचा पहिला घाऊक ई-मेल ३ मे १९७८ रोजी गेला, असं मानतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीचे गॅरी थुर्क यांनी अर्पानेट या त्या वेळच्या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना आपल्या नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण पाठवलं. कुणाला विचारलं नव्हतं. काही यंत्रं विकली गेली, पण लोक भडकले आणि जाळं चालवणाऱ्यांनी तंबी दिली. आजही न विचारता पाठवलेल्या मेलवर माणसं तशीच चिडतात. फरक एवढाच की आता त्यांच्या हाताशी 'स्पॅम' असं लिहिलेलं बटण असतं.

म्हणून सोसायटीच्या डिरेक्टरीतून पत्ते उचलू नका, शाळेच्या ग्रुपमधून घेऊ नका, आणि 'पुण्यातले ५०,००० श्रीमंत ग्राहक' अशा नावाने विकली जाणारी फाइल फुकट मिळाली तरी घेऊ नका. पेटी घेणाऱ्याला, स्टॉलवर थांबणाऱ्याला, फोन करणाऱ्याला सरळ विचारा: 'फळ निघालं की मेलवर कळवू का? हंगामात पाच-सहा मेल येतील.' 'हो' म्हणाला तर पत्ता घ्या. किती मेल येतील तो आकडा आधीच सांगा आणि मग तो पाळा. पुण्यात पणन मंडळाच्या आंबा महोत्सवात एक वही ठेवून मी असे पत्ते गोळा केले. एक धडा तिथे मिळाला: वहीतलं अक्षर रात्री लागत नाही, त्यामुळे माणूस समोर असतानाच पत्ता फोनवर टाइप करून त्याला दाखवून घ्यावा. चुकीच्या पत्त्यांवर गेलेले मेल परत येतात, आणि असे फार मेल परत यायला लागले की मेल कंपन्या पाठवणाऱ्याकडे संशयाने बघू लागतात.

नाव घातल्यावर लगेच एक छोटा मेल जाऊ द्या: 'तुम्ही महोत्सवात नाव दिलं होतं. यादीत राहायचं असेल तर या दुव्यावर एकदा टिचकी मारा.' यादी थोडी लहान होईल. राहतील ती माणसं खरोखर वाचणारी असतील.

भारतात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे प्रत्येक मेलच्या तळाशी 'यापुढे मेल नको' हा दुवा ठेवा, वाचता येईल अशा आकाराच्या अक्षरांत. तो लपवलात तर माणूस स्पॅमचं बटण दाबेल, आणि ते तुम्हाला कितीतरी महागात पडेल.

दुसरी पायरी: पाठवणारा कोण, हे दिसलं पाहिजे

तुम्ही स्वतः सकाळी मेल कसे बघता ते आठवा. आधी नजर जाते ती नावावर. विषय त्यानंतर. म्हणून 'इन्फो', 'सेल्स', 'नो-रिप्लाय' अशा नावांनी मेल पाठवू नका. माणसाचं नाव आणि धंद्याची ओळख एकत्र ठेवा: आधी तुमचं नाव, मग स्वल्पविराम, मग बागेचं नाव. एकदा ठरवलेलं नाव बदलू नका. ग्राहकाने उत्तर दिलं तर ते खऱ्या माणसाला मिळेल असाच पत्ता द्या. 'या मेलला उत्तर देऊ नये' असं लिहिणारा दुकानदार मला गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसल्यासारखा वाटतो.

आता थोडं तांत्रिक, पण हे टाळून चालणार नाही. पन्नास-साठ माणसं असतील तर साध्या जीमेलवरून एकेकाला लिहिता येतं. वैयक्तिक जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंत मेल पाठवता येतात. पण सगळे पत्ते 'टू'मध्ये एकत्र टाकण्याची चूक करू नका, नाहीतर प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाला दिसतो. यादी काही शेकड्यांवर गेली की स्वतःचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात '@'च्या पुढे येणारं तुमच्या धंद्याचं नाव, घ्या आणि झोहो कॅम्पेन्स, मेलचिंप किंवा तशीच एखादी मेल पाठवणारी सेवा वापरा. तिथे जीमेलचा पत्ता 'पाठवणारा' म्हणून टाकू नका. जीमेलचं नाव सांगणारा मेल दुसऱ्याच सेवेकडून आला तर तो तोतयासारखा दिसतो.

डोमेन घेतल्यावर तीन नोंदी कराव्या लागतात: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. नावांना घाबरू नका. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने पत्र टाकायला कोणकोणत्या पोस्टमनला परवानगी आहे त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर, वाटेत कुणी पाकीट फोडलं तर कळावं म्हणून. डीमार्क म्हणजे मोहोर जुळली नाही तर त्या पत्राचं काय करायचं याची सूचना. मेलसेवा तुम्हाला या नोंदींचा मजकूर देते, तो डोमेनच्या सेटिंगमध्ये चिकटवायचा असतो. जमत नसेल तर डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने हे नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी लागतात, एका टिचकीत यादीतून बाहेर पडण्याची सोय द्यावी लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारी आल्या की तुम्ही धोक्याच्या रेषेवर. आपल्यासारखे छोटे लोक ५,००० पर्यंत जात नाहीत, पण तक्रारींचा हिशोब आपल्यालाही लागू आहे. एका चिडलेल्या माणसामुळे दुसऱ्या दहा जणांचा मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो.

तिसरी पायरी: बातमी काय आहे?

लिहायला बसण्याआधी एका ओळीत उत्तर द्या: या मेलने वाचणाऱ्याला असं काय कळणार आहे, जे त्याला काल माहीत नव्हतं आणि ज्याचा त्याला उपयोग आहे? उत्तर सापडलं नाही तर त्या आठवड्यात मेल पाठवू नका. दर मंगळवारी मेल गेलाच पाहिजे हा नियम मोठ्या कंपन्यांचा. बागेला मंगळवार कळत नाही.

'आमचा आंबा उत्तम आहे' ही बातमी नव्हे. 'शनिवारी पहिली तोडणी' ही बातमी. 'या वर्षी फळ लहान आहे, म्हणून पेटीत ५ ऐवजी ६ डझन बसतील' ही बातमी. 'पावसामुळे या आठवड्याच्या पेट्या निघणार नाहीत' हीसुद्धा बातमी, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वाचली जाणारी. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावरून गेलं तेव्हा झाडावरचं फळ खाली आलं. ज्यांनी पैसे भरले होते त्यांना आम्ही दुसऱ्याच दिवशी लिहिलं: फळ पडलं आहे, पेटी देता येणार नाही, पैसे परत हवेत की पुढच्या वर्षीसाठी ठेवू ते कळवा. त्या मेलला आलेली उत्तरं वहिनीने जपून ठेवली आहेत. वाईट बातमी वेळेवर आणि सरळ सांगणाऱ्याचा पुढचा मेल लोक न चुकता उघडतात.

एका मेलमध्ये बातमी एकच ठेवा. हापूसबरोबर कोकम, काजू, फणसपोळी असं सगळं एकदम सांगायचा मोह होतो. मग वाचणारा काहीच ठरवत नाही आणि 'नंतर बघू' म्हणून मेल बंद करतो.

चौथी पायरी: मजकूर

बरेच जण विषयाच्या ओळीपासून सुरुवात करतात. मी मजकूर आधी लिहिते, कारण चांगला विषय बहुतेक वेळा मजकुरातल्याच एखाद्या वाक्यात लपलेला असतो.

माझा पहिल्या वर्षीचा मेल साधारण असा होता:

'प्रिय ग्राहक, आंब्याचा राजा हापूस घेऊन आम्ही पुन्हा एकदा आपल्या सेवेत हजर आहोत! गुणवत्ता हीच आमची ओळख. आमच्या बागेतील अस्सल, रसाळ, नैसर्गिकरीत्या पिकवलेला देवगड हापूस आता आपल्या दारी. मर्यादित साठा! आजच ऑर्डर करा आणि खास सवलतीचा लाभ घ्या!'

यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. पण यातलं एकही वाक्य असं नाही जे दुसरा कुठलाही आंबेवाला लिहिणार नाही. वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं? तारीख नाही, वजन नाही, भाव नाही, पिकायला किती दिवस ते नाही. आता त्याच मेलचं आजचं रूप:

'नमस्कार,

शनिवारी, १२ एप्रिलला, बागेत पहिली तोडणी आहे. पहिल्या मोहोराचं फळ थोडंच असतं. साधारण ४० पेट्या होतील.

फळ २०० ते २५० ग्रॅमचं आहे. पेटीत ५ डझन. पुण्यात घरपोच ४,००० रुपये.

आम्ही आंबा चौदा आणे तयार झाला की काढतो, त्यामुळे तुमच्याकडे तो कच्चा येईल आणि पिकायला सात-आठ दिवस लागतील. अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, पानात आमरस हवा असेल तर ही पेटी घेऊ नका. १९ एप्रिलच्या तोडणीची घ्या, ती बरोबर वेळेवर पिकेल.

पेटी हवी असेल तर याच मेलला उत्तर द्या: किती पेट्या, कोणत्या तोडणीच्या, आणि पत्ता गेल्या वर्षीचाच ना? गुरुवार संध्याकाळपर्यंत आलेल्या उत्तरांप्रमाणे पेट्या भरू.'

खाली माझं नाव, गाव आणि फोन नंबर.

'ही पेटी घेऊ नका' हे वाक्य लिहिताना दादाला पटलं नव्हतं. मला ते त्या मेलमधलं सगळ्यात मोलाचं वाक्य वाटतं. ग्राहकाला त्याच्या सोयीचं सांगितलं की तो आपल्या पुढच्या शब्दावर विश्वास ठेवतो. आणि 'मर्यादित साठा' ऐवजी '४० पेट्या' लिहिलं की घाई आपोआप कळते, ओरडावं लागत नाही. मात्र आकडा खरा हवा. ४० सांगून ९० विकल्या तर ते शेजारीपाजारी कळतंच.

'अस्सल' या शब्दाबद्दल थोडं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळाला ते लागू आहे. तुमची नोंदणी असेल तर नोंदणी क्रमांक लिहा, गाव लिहा, कलमं किती वर्षांची आहेत ते लिहा. दुसऱ्या राज्यातला आंबा देवगडच्या नावाने विकणाराही 'अस्सल' हा शब्द वापरतोच, पण त्याला गावाचं नाव लिहिता येत नाही. विशेषण काढून त्या जागी वस्तुस्थिती ठेवायची ही सवय सगळ्या धंद्यांना लागू पडते. 'घरगुती चवीच्या चकल्या' याऐवजी 'भाजणी घरच्या गिरणीवर दळलेली, चकल्या १० दिवस कुरकुरीत राहतात' असं लिहा.

वाक्यं लहान ठेवा. परिच्छेद दोन-तीन ओळींचे. बहुतेक लोक फोनवर वाचतात, आणि फोनवर पाच ओळींचा परिच्छेद भिंतीसारखा उभा राहतो. शेवटी एकच कृती मागा. आमच्याकडे ती 'उत्तर द्या' ही असते, कारण साठीच्या पुढच्या ग्राहकांना फॉर्म भरण्यापेक्षा उत्तर लिहिणं सोपं जातं. तुमचं दुकान संकेतस्थळावर असेल तर एकच बटण द्या आणि त्यावर 'इथे क्लिक करा' ऐवजी 'पेटी नोंदवा' लिहा.

पोस्टर मेलमध्ये चिकटवू नका. आउटलुकसारख्या ठिकाणी चित्रं आपोआप उघडत नाहीत, तिथे वाचणाऱ्याला नुसती रिकामी चौकट दिसते. चित्रातला मजकूर नंतर शोधून सापडत नाही, आणि दृष्टिहीन माणसाचं वाचक-सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही. फोटो टाकायचाच तर एक टाका, बागेतला, आजचा, फोनवर काढलेला. झेल्यातून, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवतानाचा साधा फोटो मला विकतच्या चकचकीत चित्रापेक्षा कितीतरी बरा वाटतो. फोटोच्या वर्णनाच्या जागेत एक वाक्य लिहायला विसरू नका.

पाचवी पायरी: विषयाची ओळ

आता मजकूर परत वाचा आणि त्यातलं सगळ्यात उपयोगी वाक्य उचला. वरच्या मेलचा विषय असा होईल: 'शनिवारी पहिली तोडणी, ४० पेट्या'. किंवा 'अक्षय्य तृतीयेसाठी कोणती पेटी घ्यावी?'. दुसरा मला जास्त आवडतो, कारण तो वाचणाऱ्याच्या घरातला प्रश्न आहे.

फोनवर विषयाचे पहिले चार-पाच शब्दच दिसतात. देवनागरी अक्षरं रुंद असतात, जोडाक्षरं त्याहून रुंद. म्हणून महत्त्वाचा शब्द सुरुवातीला आणा. 'आपल्या सर्व ग्राहकांना कळवण्यास आनंद होतो की' इथेच ओळ संपते आणि बातमी कापली जाते.

विषयाच्या शेजारी किंवा खाली फिकट अक्षरांत आणखी एक ओळ दिसते. ती तुम्ही लिहिली नाही तर मेलचे पहिले शब्द तिथे येतात, आणि कधीकधी ते 'हा मेल ब्राउझरमध्ये पाहा' असे निघतात. मेलसेवेत या ओळीसाठी वेगळी जागा असते. तिथे विषयाचीच पुनरुक्ती न करता पुढची माहिती द्या: '१२ आणि १९ एप्रिलच्या तोडणीतला फरक'.

तीन उद्गारचिन्हं, आंब्याच्या इमोजींची रांग, 'धमाका', 'शेवटची संधी' हे सगळं टाळा. आणि खोट्या 'रिप्लाय'ची युक्ती कधीही करू नका, म्हणजे आधी बोलणं झालंय असं भासवण्यासाठी विषयापुढे 'आरई' लावणं. अमेरिकेत तर २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याने फसवा विषय लिहिणं बेकायदा आहे. परदेशातल्या ग्राहकांना लिहीत असाल तर हे लक्षात ठेवा. पण कायदा नसता तरी, एकदा फसवून उघडायला लावलेला मेल हा त्या माणसाने उघडलेला तुमचा शेवटचा मेल असतो.

मराठीत लिहिताना येणाऱ्या अडचणी

हे कुठल्याच इंग्रजी मार्गदर्शकात मिळणार नाही, म्हणून जरा सविस्तर.

मेलसेवा प्रत्येकाचं नाव आपोआप घालून देते. इंग्रजीत नाव कुठेही चिकटवता येतं, मराठीत विभक्ती लागते. 'नाव' आणि 'ला' जोडलं की 'कुलकर्णीला' होतं आणि माणूस दुखावतो. म्हणून नाव फक्त अभिवादनात घ्या, नाहीतर 'यांना', 'यांच्यासाठी' असे सुटे शब्द वापरा. यादीत नावं कुणी इंग्रजी मोठ्या अक्षरांत, कुणी आडनाव आधी, कुणी नुसती आद्याक्षरं अशी भरलेली असतात. ती हाताने दुरुस्त करून देवनागरीत लिहून घेतलेली नसतील तर नुसतं 'नमस्कार' पुरे. चुकीच्या नावापेक्षा नाव नसलेलं बरं.

वाचणारा पुरुष की स्त्री हे यंत्राला माहीत नसतं. 'तुम्ही' घेऊन लिहिलं की बहुतेक वाक्यं निभावतात: 'तुम्ही गेल्या वर्षी पेटी घेतली होती' यात क्रियापद पेटीप्रमाणे चालतं, कुणाचंही काही बिघडत नाही. 'आपण' फार औपचारिक वाटतं, आणि 'आपण सगळे' या अर्थाशी गोंधळही होतो. 'तू' अजिबात नको, समोरचा वीस वर्षांचा असला तरी.

मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही फोनवर किंवा संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मेलमध्ये चिकटवला की ग्राहकाला निरर्थक चिन्हांची माळ दिसते. रोमन लिपीतली मराठी व्हॉट्सॲपवर चालते, पण लांब मेल तशा अक्षरांत वाचणं कष्टाचं होतं. फोन नंबर मात्र इंग्रजी आकड्यांत द्या, म्हणजे वाचणाऱ्याच्या फोनला तो नंबर म्हणून ओळखता येईल आणि बोट ठेवताच कॉल लागेल.

आणखी एक बारकावा: जीमेल १०२ केबीपेक्षा मोठा मेल मध्येच कापतं आणि बाकीचा एका दुव्यामागे लपवतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा साठवायला तीन बाइट लागतात, इंग्रजीला एक. शब्दांनी एवढा मोठा मेल सहसा होत नाही, पण वर्डमधून सरळ चिकटवलं की त्याच्याबरोबर फॉन्ट आणि रंगांचा ढीगभर अदृश्य कोड येतो. 'फक्त मजकूर' हा पर्याय निवडून चिकटवा. कापला गेला तर पहिला बळी जातो तळाचा 'यापुढे मेल नको' हा दुवा.

पाठवण्याची वेळ

यावर लोक फार डोकं शिणवतात. बातमी कामाची असेल तर वेळेने फारसं अडत नाही. मी संध्याकाळी साडेसातला पाठवते. तेव्हा दुबईत सहा वाजलेले असतात आणि एप्रिल-मेमध्ये न्यूयॉर्कला सकाळचे दहा, म्हणजे तिघंही जागे असतात. ऑर्डर बंद होण्याआधी वाचणाऱ्याला निदान दोन दिवस मिळायला हवेत, कारण पेटी घ्यायची की नाही हे घरात बोलूनच ठरतं.

पाठवण्याआधी

आधी स्वतःला पाठवा आणि फोनवर उघडा. मग मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळते तिथलं वाक्य तोडा. तारीख आणि वार कॅलेंडरशी जुळवा, ही चूक मी केलेली आहे आणि मग दिवसभर फोन घेत बसले. दुवे दाबून बघा. शेवटी धंद्याबाहेरच्या एका माणसाला दाखवून विचारा: 'तुला यातून काय करायला सांगितलंय?' त्याला एका वाक्यात सांगता आलं नाही तर मेल अजून तयार नाही.

पाठवल्यावर

मेलसेवा 'इतक्या टक्के लोकांनी उघडला' असा आकडा दाखवते. त्यावर जीव टाकू नका. तो आकडा मेलमधल्या एका अदृश्य चित्रावरून मोजतात, आणि सप्टेंबर २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप वाचकाचा खाजगीपणा जपण्यासाठी असली चित्रं आधीच स्वतः उतरवून ठेवतं. त्यामुळे न उघडलेला मेलही उघडल्यासारखा दिसतो. मी वहीत तीनच गोष्टी लिहिते: उत्तरं किती आली, ऑर्डरी किती, किती जणांनी नाव काढलं. जास्त नावं गेली तर त्या मेलमध्ये बातमी कमी आणि विक्री जास्त होती, हे बहुतेक वेळा खरं निघतं.

उत्तरं वाचा, आणि त्याच दिवशी उत्तर द्या. 'गेल्या वर्षी दोन आंब्यांत साका निघाला' (साका म्हणजे गरातला न पिकलेला, पांढरट भाग) असं कुणी लिहिलं तर वाद घालू नका. बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या फळातही साका निघतो, हे मान्य करा आणि भरपाई कशी देणार ते सांगा. अशी चार पत्रं आली की पुढच्या मेलचा विषय तयार: साका कशामुळे होतो, निघाला तर काय करायचं, फोटो कुठे पाठवायचा.

ऑर्डर दिल्यानंतरचा मेल लोक नक्की उघडतात, आणि नेमका तोच बहुतेक दुकानदार यंत्रावर सोडून देतात. 'आपली ऑर्डर क्रमांक अमुक रवाना झाली आहे' एवढ्यावर थांबू नका. आम्ही त्यात आढीबद्दल लिहितो: पेटी आल्याबरोबर उघडा, फळं भाताच्या पेंढ्यात किंवा कागदावर एका थरात मांडा, फ्रीजमध्ये ठेवू नका, रोज एकदा हात लावून पाहा आणि पिकतील तसे वेगळे काढा. सालीला थोडी सुरकुती पडली की फळात गोडी येते, घाबरून फेकू नका. हा मेल गेला की 'आंबा खराब आला' असे फोन येणं बरंच कमी झालं, कारण अनेकांना सुरकुती म्हणजे सडणं वाटत होतं.

हंगाम संपला की यादी झाडून घ्या. सलग दोन हंगाम ज्यांनी ना उत्तर दिलं ना पेटी घेतली, त्यांना एकच मेल पाठवा: 'पुढच्या वर्षीही कळवू का?' उत्तर आलं नाही तर नाव काढा. यादी लहान झाल्याचं दुःख करू नका. बाबांची कार्डंही पन्नासच होती.

मग जूनपासून गप्प राहा. आम्ही पुढचा मेल थेट जानेवारीत पाठवतो, मोहोराचा फोटो आणि दोन ओळी: 'वरच्या कुणग्यातल्या (शेताच्या तुकड्यातल्या) कलमांना मोहोर आला आहे. पेटीचा अंदाज मार्चमध्ये कळवते.' त्यात विकायला काहीच नसतं. तरी त्याला उत्तरं येतात, आणि त्यातली निम्मी दादाच्या गुडघ्याची चौकशी करणारी असतात.